आठ वीत

लोखंडी बाकाचा शेवटचा स्क्रू फिरवायला मोहियोद्दीन वाकला, तेव्हा खिशातल्या कार्डाचा कोपरा त्याच्या छातीला टोचला. सहा दिवस ते कार्ड तिथेच होतं. जवाबी कार्ड होतं ते. एका अर्ध्यावर मजकूर आणि दुसरं अर्ध उत्तरासाठी कोरं. कोऱ्या अर्ध्यावर पत्ता मात्र आधीच घातलेला होता: मुक्काम खर्डा, तालुका जामखेड. अक्षर त्याच्या मुलीचं, रजियाचं, पेन्सिलीचं. ते तिने पाठीवर पडून लिहिलेलं असणार, कारण ओळ उजवीकडे जाता जाता वर चढत गेली होती.

मजकूर तिच्या सासऱ्यांनी शाळामास्तरांकडून लिहून घेतला होता. मुलीची पाठ आता धरत नाही. पायांना मुंग्या येतात. नगरच्या मिशन दवाखान्यात पुण्याचे मोठे डॉक्टर पुढल्या आठवड्यात शनिवारी येणार असल्याचे समजते. आपण नेण्याची व्यवस्था करीत असल्यास कळवावे. त्या बुधवारपर्यंत उत्तर न आल्यास गुरुवारी बाजारच्या मोटारीत बसवून पाठवून देऊ.

कार्ड मिळालं त्याच दुपारी मोहियोद्दीन दवाखान्यात जाऊन आला होता. तिथल्या मेट्रनबाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बसवून आणू नका. मणका आतून खाल्ला गेलाय. एक गचका बसला तर पाय जातील, आणि गेलेले पाय डॉक्टरसुद्धा परत देणार नाहीत. झोपवून आणा, स्प्रिंगवर." दवाखान्याची स्वतःची गाडी लढाईपासून टायरांवाचून विटांवर उभी होती.

स्क्रू निघाला. बाकाचं लोखंड खणखणत खाली पडलं.

"हळू, मैद्दीनभाई," बाहेरून खाजाभाई ओरडला. "पोलिसाची हाय म्हणून सूड घेता का तिचा?"

गाडी पोलिसांची होती खरी, पण आता ती खाजाभाईची होती. लिलावात घेतलेली. निळ्या रंगाचे पोपडे उडालेले, खिडक्यांना जाळ्या, मागे दोन्ही बाजूंना लोखंडी बाकं आणि जमिनीत साखळी अडकवायची कडी. आतल्या पत्र्यावर कुणीकुणी नखांनी नि खिळ्यांनी नावं, तारखा कोरल्या होत्या. बेचाळीस सालच्या तारखा पुष्कळ. मोहियोद्दीनला समोर येईल ते वाचायची सवय होती. पहिल्या दिवशी त्याने तो पत्रा कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत वाचून काढला होता आणि मग मुकाट्याने कामाला लागला होता.

खाजाभाईला तिची प्रवासी मोटार करायची होती. गाद्या शिवण्याचं काम मोहियोद्दीनचं. मजुरी नको, त्याऐवजी प्रवाशांची बाकं बसवण्याआधी एक फेरी खर्ड्याला, असं दोघांचं ठरलं होतं. इथल्याच, भिंगारच्या भंगारात लष्कराची एक मोडकी रुग्णगाडी पडली होती. तिच्यातला रुग्णाला निजवायचा स्प्रिंगचा लांब पाळणा, रेक्झिनची गादी आणि पट्टे काढून या गाडीच्या डाव्या अंगाला बसवायचे. पाळणा गाडीपेक्षा लांब होता. तो कापून द्यायला गोरक्षनाथ सुतार कालच घेऊन गेला होता.

आज सोमवार. भिंगारच्या टपालपेटीची शेवटची उचल पावणेचारला. आजच्या थैलीत गेलेलं कार्ड खर्ड्याला बुधवारी पोचायचं, उद्याचं गुरुवारी. पण पाळणा बसला नाही आणि आपण 'येतो' असं लिहून मोकळे झालो, तर ती माणसं वाट बघत बसतील, शनिवार निघून जाईल आणि मोठे डॉक्टर पुन्हा दोन महिने येणार नाहीत. म्हणून आधी पाळणा, मग कार्ड.

असं तो बायकोला, शहजादीला सांगत होता. ते खरंही होतं. पण तेवढंच खरं नव्हतं.

सहा महिन्यांपूर्वी रजियाने स्वतः पत्र लिहिलं होतं. बारवेच्या पायऱ्यांवरून घागरीसकट पडले, तेव्हापासून पाठ दुखते, रात्री झोप लागत नाही. मोहियोद्दीनने त्याच दिवशी उत्तर लिहिलं. कार्डाच्या चारही कडांपर्यंत. दुःख सोसण्याने माणूस कसा घडतो, सासरच्या घरी कुरकुर न करणारी मुलगी बापाची मान कशी उंच करते, असं बरंच. वाक्यं चांगली उतरली होती. त्याने ती शहजादीला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आन् औषध काय करायचं, ते कुठं लिवलंय?" तो हसला होता. त्यानंतर रजियाने पाठीचं नाव काढलं नाही.

आता कोऱ्या कार्डासमोर बसला की ती सगळी वाक्यं त्याला जशीच्या तशी आठवत.

"आला, आला तुमचा पलंग," खाजाभाई म्हणाला.

गोरक्षनाथ एका माणसाच्या मदतीने पाळणा उचलून आणत होता. बुटका, गोलसर, कानावर पेन्सिल. मोहियोद्दीनचा जुना जोडीदार सुतार दिवाळीआधी वारला होता; हे याच्याबरोबरचं पहिलंच काम. दोघांनी पाळणा आत सरकवला. पायाकडची बाजू मागच्या दाराशी टेकवली, बोल्ट घातले, आवळले.

डोक्याकडे, ड्रायव्हरच्या जाळीपर्यंत, दीड वितीची मोकळी जागा राहिली.

तिघेही तिकडे बघत राहिले.

"न्हाई बा," गोरक्षनाथ म्हणाला. "आठ वीत सांगितलं, आठ वीत कापलं. चारदा मोजलं म्या."

"कशाने मोजलंस?"

"हातानं. दुसरं कशानं? तुमीबी हातानंच मोजलं हुतं की."

मोहियोद्दीनने आपला पंजा पसरला. गोरक्षनाथाने आपला पंजा त्याच्यावर ठेवला, अंगठ्याला अंगठा लावून. सुताराची करंगळी गादीवाल्याच्या करंगळीच्या दोन बोटं अलीकडेच संपली. मोहियोद्दीनची बोटं लांब होती. जुना जोडीदार कापायच्या मालावरही त्यालाच मोजून खूण करायला लावायचा, स्वतःचा हात कधी लावायचा नाही. हे नव्या माणसाला सांगायला हवं होतं. मोहियोद्दीनला ते सुचलं नव्हतं. नव्या माणसाशी कामापुरतं बोलतानासुद्धा त्याला घाम फुटायचा.

"मी झोपून बघतो," गोरक्षनाथ म्हणाला आणि पाळण्यावर आडवा झाला. डोक्यापासून टाचेपर्यंत तो त्यात बरोबर मावला. "बसतंय की वो!"

"तुझी मयत न्यायची न्हाई त्यातून," खाजाभाई म्हणाला. "पोरगी उंच हाय त्यांची. आईवर गेलीय."

गोरक्षनाथ उठून बसला. त्याचा चेहरा पडला होता.

"जोड देता येईल?" मोहियोद्दीनने विचारलं.

"लोखंडाला जोड द्यायचा म्हंजे लष्कराच्या कारखान्यात न्यायला पायजे. आपल्याला कोन आत घेतंय? रिबिट मारून दिला तर खड्ड्याखड्ड्याला हलंल. वाटेतल्या कडा गावच्या उतारापर्यंतसुद्धा टिकायचा न्हाई."

"भंगारात दुसरी गाडी?"

"सकाळीच उचलली सगळी," खाजाभाई म्हणाला. "ट्रक भरून गेला."

खाली जमिनीवर गादी टाकावी, तर रस्त्याचा प्रत्येक दगड पाठीत जाणार. गोरक्षनाथाने एक खोकं आणलं, मोकळ्या जागेत ठेवलं, त्याच्यावर उशी ठेवली. उशीवर आपला पितळी तांब्या ठेवला. "डोकं समजा हे," तो म्हणाला. खाजाभाईने गाडी सुरू केली आणि आवारातल्या चाकोऱ्यांवरून एक फेरी मारली. पाळणा स्प्रिंगवर वर गेला तेव्हा खोकं खालीच राहिलं, पाळणा खाली आला तेव्हा खोकं उडालं. दुसऱ्याच चाकोरीला तांब्या खणाणत दारापर्यंत गेला.

खाजाभाईने इंजिन बंद केलं.

"मैद्दीनभाई," तो जाळीतून म्हणाला, "माझ्याकडून गुरुवारी पहाटे गाडी तयार हाय. पेट्रोलची कुपनं हायेत. वाटेत निजामाच्या हद्दीच्या नाक्यावर वळखीचा मानूस हाय. तुमी माझ्याजवळ पुढं बसा, भाभी मागं बसतील पोरीजवळ, हे सगळं ठरल्यालं. पन हे असं..."

मोहियोद्दीन मागच्या पायरीवर बसला. पुढे, खाजाभाईजवळ. ते ठरलं तेव्हा त्याला हायसं वाटलं होतं. साठ मैल रस्त्याकडे बघत यायचं, पाठीमागे बघायचं नाही. त्याने कार्ड खिशातून काढलं, बघितलं, परत ठेवलं. ऊन आवारातल्या शेडच्या पत्र्यावरून खाली उतरलं होतं. तीन वाजायला आले असावेत.

फाटकातून शहजादी आली. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. नवऱ्याचा चेहरा पाहून तिने त्या पायरीवर ठेवल्या आणि आत डोकावली.

"भाभी, चूक माझी हाय," गोरक्षनाथ म्हणाला. "ह्यांची वीत मोठी, माझी वीत बारीक."

"चूक माझी," मोहियोद्दीन म्हणाला.

"एवढी पुस्तकं वाचली," शहजादी म्हणाली, "वीत कुणाची धरायची ते एकात बी न्हाई का, रजियाच्या अब्बा?"

मग ती पदर डोक्यावरून घट्ट ओढून गाडीत चढली. गोरक्षनाथ चटकन खाली उतरला आणि दाराआड पाठ करून उभा राहिला. खाजाभाई पुढे काचेतून बाहेर बघू लागला. शहजादी पाळण्यावर पडली, पाय दाराकडे. टाचा टेकल्या, खांदे टेकले. डोकं पाळण्याच्या काठावरून मागे लोंबलं आणि मान ताणली गेली. तिने ते उचलून धरायचा प्रयत्न केला. तिच्या गळ्याच्या शिरा दिसू लागल्या.

"आसं ती साठ मैल येईल?" ती छताकडे बघत म्हणाली. आवाज ओढलेला होता.

मोहियोद्दीन आत चढला. काय करायचं हे ठरवून तो चढला नव्हता. तिचं डोकं खाली पडू नये एवढंच. त्याने उशी बाजूला टाकली, खोकं डाव्या बाजूच्या पत्र्याशी सरकवलं आणि पत्र्याला पाठ लावून त्या दीड वितीत खोक्यावर बसला. तो बारीक होता. कंबर बरोबर मावली. मांड्या आडव्या पाळण्याच्या पातळीला आल्या. तिचं डोकं त्याने मांडीवर घेतलं आणि दोन्ही कानांवर तळहात ठेवले. बोटं तिच्या खांद्यांपर्यंत पोचली.

"खाजाभाई," शहजादी म्हणाली, "चालवा."

गाडी चाकोऱ्यांवर चढली. पाळणा उचलला की तो टाचा उचलायचा, पाळणा दबला की सोडायचा. पहिल्या दोन गचक्यांना चुकला. तिसऱ्यापासून त्याच्या पायांना ते कळू लागलं. पत्र्यावर कोरलेली नावं त्याच्या पाठीत रुतत होती. त्याची नजर एकसारखी तिच्या कपाळावर होती. ते हलतं का, एवढंच तो बघत होता. एवढ्या जवळून, एवढा वेळ त्याने घरातल्या कुठल्याही माणसाकडे कधी बघितलं नव्हतं.

फेरी संपली. इंजिन थांबलं.

"मान हलली?"

"न्हाई." तिने डोळे उघडले नव्हते. मग म्हणाली, "पन आसं तुमाला बसायला लागंल. जाताना न्हाई, येताना. आख्खा रस्ता. पाय मेले तरी उठता यायचं न्हाई."

त्याचे तळहात तिच्या कानांवर तसेच होते.

"आन् ती तुमच्याकडंच बघत राहील. दुसरीकडं बघायला जागाच न्हाई इथं."

मोहियोद्दीनने तिचं डोकं दोन्ही हातांनी उचलून अलगद पाळण्याच्या काठाशी आणलं. ती उठून बसली आणि पदर सारखा करू लागली.

"नाथा," त्याने दाराकडे बघत हाक मारली, "पेन्सिल दे जरा."

दाराआडून एक आखूड हात आत आला. सुताराची चपटी, जाड पेन्सिल. मोहियोद्दीनने कार्ड जोडावर दुमडून कोरं अर्ध वेगळं केलं, गुडघ्यावर ठेवलं आणि लिहायला लागला. पेन्सिलीने बारीक अक्षर येईना. चार ओळींतच कार्ड भरत आलं.

"वाचा," शहजादी म्हणाली.

"गुरुवारी दुपारपर्यंत मोटार घेऊन येतो. रजियाला बसवू नये. फळीवर निजवून ठेवावे, उचलायला चार माणसे लागतील." तो थांबला. पुढची ओळ त्याने हळू वाचली. "रजिया, तुझ्याजवळ मागे मी बसणार आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने त्याच्याकडे क्षणभर बघितलं. मग भाकरीचं फडकं उचलून त्याच्या हातात कोंबलं. "मग पळा. साडेतीन झाले. खात खात जा."

तो भाकरी न सोडताच निघाला. आवाराबाहेर, छावणीच्या भिंतीच्या कडेकडेने, आधी भरभर आणि मग चक्क धावत. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस फडकं आणि कार्ड धरून धावताना बघून रस्त्यावरच्या एका टांगेवाल्याने घोडा बाजूला घेतला. टपालकचेरीच्या दारात शिपाई थैलीचं तोंड आवळायला दोरी शोधत होता. पेटी अजून उघडली नव्हती.

मोहियोद्दीनने श्वास घेतला. कार्ड पेटीच्या फटीत घातलं आणि सोडलं.

सोडल्याबरोबर त्याला आठवलं की व्याह्यांना सलाम लिहायचा राहिला. विहिणीलाही. त्याने फटीत बोटं घातली, मनगटापर्यंत हात रेटून चाचपलं. आत फक्त पत्रा लागला, गार.

"काय झालं?" शिपायाने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला, आणि हात बाहेर काढला.