दुसरा ब्रेक

गाडी शाळेच्या फाटकासमोर अशी थांबली की मागे बसलेल्या धाकट्याचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. इंजिन आचके देऊन बंद पडलं. ताई गाडी चालवत होती, पण तिचा पाय ब्रेकवर नव्हताच. ती स्टिअरिंग धरून बसली. शेजारच्या सीटवर आई समोर बघत होती, पाठ ताठ, उजवा पाय खाली रुतवलेला.

"आज रविवार आहे आई," धाकटा कपाळ चोळत म्हणाला. "शाळा बंद आहे."

"शाळा बंद असते. पोरं बंद नसतात." आईने पाय उचलला. "चल. आरसा बघून."

ती गाडी आईची, शिकवणीची. अशा गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी आणखी एक ब्रेक असतो, शिकणारा गडबडला की दाबायला. गावातल्या निम्म्या बायका याच गाडीत घामाघूम होऊन, शिव्या खाऊन गाडी शिकल्या, आणि त्यांनीच आईचं नाव ब्रेकबाई पाडलं. आता स्वतःचं खरं नाव विचारलं तर ती अडते. लेकीला कधी ओळखते, कधी 'ही नवीन शिकाऊ का?' म्हणते. पायाला मात्र सगळं ठाऊक आहे. दुसऱ्या गाडीत बसवून पाहिलं तर पायाशी ब्रेक नाही म्हणून तिने असा आकांत केला की टॅक्सीवाल्याने हात जोडून उतरवलं. ते पेडल काढून टाक, असं धाकट्याने ताईला फोनवरून दहादा सांगितलं होतं. फोनवरून सांगायला कुणाचं काय जातं?

धाकटा दुसऱ्या शहरात राहायचा. महिन्यातून एकदा यायचा, भरपूर काळजी करायचा आणि परत जायचा. आईजवळ ताई. तिची रजा आज संपत होती. गेल्या महिन्यात ती अंघोळीला गेली तेवढ्यात आई घराबाहेर पडली आणि चौकात मधोमध उभी राहून ट्रकवाल्यांना वळताना हात कसा दाखवायचा ते शिकवू लागली. रहदारी तुंबली. एक ट्रकवाला म्हणे मन लावून शिकत होता. सांगताना ताईला हसू यायचं, पण त्या दिवशी घरी आल्यावर ती दाराला पाठ लावून कितीतरी वेळ बसून राहिली होती. उद्यापासून ती ऑफिसात आणि आई घरात एकटी. आईला कुणाच्या हवाली करायचं ते आजच ठरायला हवं होतं.

हवाली असं कुणी म्हणत नाही. सोय म्हणतात. आईची सोय लावायची आहे. हा शब्द ज्याने शोधला त्याचीच आधी सोय लावायला हवी होती.

पहिली जागा धाकट्याने फोनवर फोटो बघून पसंत केलेली. आईने कायम तिथेच राहायचं. दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'ज्येष्ठांचा पृथ्वीवरील स्वर्ग'. स्वर्गात पोचवायची एवढी घाई, असं ताईच्या ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. काचा लखलखीत. फरशी अशी गुळगुळीत की म्हाताऱ्या माणसाने पाऊल टाकावं आणि कंबर मोडून घ्यावी. व्यवस्थापक साखरेत घोळलेला. तो जे काही बोलला ते आईच्या डोक्यावरून, भावंडांशी. आईकडे वळला की आवाज चढवून, पाळण्यातल्या बाळाशी बोलावं तसं. हॉलमध्ये खुर्च्या भिंतीला लावलेल्या आणि खुर्च्यांवर माणसं. सगळे टीव्हीकडे बघत होते. टीव्ही बंद होता.

आईने बाहेरच्या दाराची मूठ फिरवून पाहिली. शेजारी आकड्यांचं कुलूप होतं.

"हे उघडायचं कसं?"

"आजी, दाराची काळजी तुम्ही करायचीच नाही."

आईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुला मी शिकवलंय का?"

"नाही, आजी."

"वाटलंच."

धाकट्याला जागा आवडली. निदान तो तसं म्हणाला. संध्याकाळपर्यंत नक्की कळवतो, असं व्यवस्थापकाला सांगून तो गाडीत येऊन बसला. ताईने गाडी सुरू केली, गिअर टाकला, आणि इंजिन गुरगुरून मेलं. पुन्हा सुरू केली, पुन्हा मेलं. आईचा पाय ब्रेकवर होता आणि तो हलायचं नाव घेत नव्हता. स्वर्गाचा पहारेकरी मजा बघायला जवळ येऊन उभा राहिला. धाकटा मागून आधी विनवून, मग चिडून सांगत होता. आई काचेतून त्या चकचकीत इमारतीकडे बघत होती.

शेवटी ताईने स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले. पूर्वी बायका विचारायच्या तसं तिने विचारलं, "बाई, दुसऱ्या रस्त्याने नेऊ का?"

पाय उचलला गेला.

दुसरी जागा ताईने ऐकून ठेवलेली. फक्त दिवसा सांभाळणारं केंद्र. सकाळी त्यांची व्हॅन घ्यायला येते, संध्याकाळी घरी सोडते, रविवारी अर्धाच दिवस. बाहेरून जुनं गोदाम, रंग उडालेला. धाकट्याचं तोंड फाटकातच वाकडं झालं. आत नुसता कालवा. दोन म्हातारे पत्त्यांवरून हमरीतुमरीवर आलेले. एक आजीबाई मटार सोलत होत्या आणि निम्मे तोंडात टाकत होत्या, आणि त्यांना कुणी हटकत नव्हतं. केंद्र चालवणारी बाई पदराला ओले हात पुसत आली ती सरळ आईसमोर उभी राहिली. तुम्ही काय काम करायच्या, असं तिने विचारलं.

"करायचे?" आई म्हणाली. "अजून करते. गाडी शिकवते."

"मग आमच्या ड्रायव्हरबाईला जरा वठणीवर आणा. फार दामटते."

धाकट्याने कॅमेरे किती, नर्स किती, ते विचारायला सुरुवात केली. बाईने सगळी उत्तरं दिली, पण मध्येच म्हणाली की भिंती दाखवून मी कुणाला पटवत नाही. आता सगळ्यांना घरी सोडायला व्हॅन निघतेय. आईंना तिच्यातून येऊ द्या, तुम्ही मागून या. घरापाशी उतरतील तेव्हा त्यांचा चेहरा बघा आणि मग काय ते ठरवा.

 ताईला तो टॅक्सीवाला आठवला. पण तोवर आई व्हॅनचं मागचं दार ओलांडून, कुणाला न विचारता, पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलीही होती. ड्रायव्हरबाई अंगाने दणकट, गालात लवंग, आवाज भोंग्यासारखा. आईचा उजवा पाय खाली चाचपडू लागला.

"माझा ब्रेक कुठाय?"

ताई खिडकीची कड धरून उभी राहिली.

ड्रायव्हरबाईने वाकून आईच्या पायाशी पाहिलं. "बाई, अठरा वर्षं गाडी हाणतेय मी. आजवर कुणी ब्रेक मागितला नाही."

"मग अठरा वर्षं चुकतेयस."

मागच्या सीटवरचे म्हातारे खदखदले. ड्रायव्हरबाई हसली नाही. तिने लवंग या गालातून त्या गालात ढकलली आणि आईच्या पायाकडे एकदा नीट बघून घेतलं.

"तुम्ही दाबा तर खरं," ती म्हणाली. "ब्रेक लागेल."

"आरसा?"

"बघितला."

"पुन्हा बघ."

ड्रायव्हरबाईने पुन्हा बघितला.

भावंडं मागून निघाली. आता आईच्या जागेवर धाकटा होता. मागे बसून कपाळ फोडून घ्यायची त्याची तयारी नव्हती. रात्रीचं काय, हा त्याचा प्रश्न होता. ताई म्हणाली, रात्री ती झोपते, मला दिवसाचं माणूस हवंय. आणि रविवारी तू येत जा.  समोर व्हॅनचे लाल दिवे लागले, विझले, पुन्हा लागले.

"बघ, ब्रेकवर ब्रेक मारतेय. पुढे चिटपाखरू नाही आणि हिचे ब्रेक चालूच. हिच्या हातात आईला द्यायचं?"

 ताईचं लक्ष त्या दिव्यांवर होतं. प्रत्येक वेळी ते लागले की तिच्या ओठांचा कोपरा थोडा हलायचा.

वाटेत व्हॅन थांबली. पत्त्यांवरून भांडणारा एक म्हातारा उतरला, पुढच्या खिडकीपाशी गेला आणि त्याने टाचा जुळवून आईला सलाम ठोकला. खिडकीतून आईचा हात बाहेर आला. सलाम घ्यायला नव्हे, पुढे डावीकडे वळायचंय म्हणून. तो हात ताठ, तळवा खाली, वळण पूर्ण होईपर्यंत बाहेरच होता, आणि व्हॅन त्याच्या मागोमाग वळल्यासारखी वळली. ताईला हसू आवरेना. डोळे पुसायला तिला गाडी हळू करावी लागली.

"अगं, रस्त्याकडे बघ," धाकटा म्हणाला, पण तोही हसत होता.

त्याच्या खिशातला फोन वाजू लागला. त्याने काढून पाहिला. स्वर्गातून होता. तो वाजत असतानाच त्याने तो परत खिशात ठेवला.

शाळेचा रस्ता आला. सरळ, रिकामा, दोन्ही बाजूंना बंद दुकानं. फाटकाला कुलूप. व्हॅनचे लाल दिवे लागले आणि या वेळी विझले नाहीत. व्हॅन फाटकासमोर पूर्ण थांबली, थोडा वेळ थांबून राहिली आणि मग निघाली.

धाकट्याने त्या कुलपाकडे पाहिलं. मग व्हॅनकडे. 

ताईने ब्रेककडे पाय नेला. पण तिने दाबायच्या आधीच गाडी आचका देऊन फाटकासमोर उभी राहिली. इंजिन बंद पडलं. तिने वळून पाहिलं. धाकट्याचा पाय खाली रुतलेला होता.

"रविवार आहे आज," ताई म्हणाली.

"माहितीये." त्याने पाय उचलला. "चल. आरसा बघून."