झाकण नसलेली पेटी

मी पेटी बोलतेय. दागदागिन्यांची नव्हे, फौजी माणसाच्या सामानाची काळी, पत्र्याची पेटी. कामठीच्या एका कारागिरानं मला ठोकून ठोकून घडवलं. माझी कडी मोठी जोरकस. झाकण पडलं की ती आपोआप खाली अडकायची. कारागीर गिऱ्हाइकांना तेच कौतुकानं दाखवायचा आणि मीही फुगून जायचे.

मला घेतलं ते सिहोऱ्याच्या कमलेशनं. नव्यानं भरती झाला होता. मग जबलपूर, जम्मू, सिक्कीम असा मी त्याच्या खाटेखाली संसार केला. सुटीवरून परतताना त्याची आई शकुनबाई माझ्यात लोणच्याची बरणी ठेवायची. तेल गळून त्याचे कपडे खराब व्हायचे, तो चिडायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा बरणी न्यायचा.

सिक्कीममध्ये पावसानं रस्ता खचला आणि त्याची गाडी दरीत गेली. तो तिरंग्यात घरी आला. मी मागाहून आले. शकुनबाईनं मला पलंगालगत ठेवलं आणि रोज पदरानं माझ्यावरची धूळ पुसू लागली. तिच्या लेकाचं तेवढंच उरलं होतं.

कमलेशची बायको रिता. बीए झालेली, कमी बोलणारी. पदरात लहानगी डिंपल. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला तिला मांडवात पहिल्या रांगेत बसवायचे, शाल-नारळ द्यायचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र शेजारणी तिच्या दारावरून तशाच पुढे जायच्या. माणसांची ही रीत मला कधी कळली नाही.

एकदा गावातले निवृत्त सुभेदार तुलाराम चहाला आले. बोलता बोलता म्हणाले, "जवानाच्या विधवेले अफसरच्या भरतीत वयाची सूट रायते. कोणी जात नाही, हे अलग."

रितानं कपबशा उचलल्या, पण आत गेली नाही. उंबऱ्यातच उभी राहिली.

दुसऱ्या आठवड्यापासून ती पहाटे तलावाच्या पाळीवर धावू लागली. गावात कुजबुज सुरू झाली. शकुनबाईच्या कानावर आली, तेव्हा तिनं सुनेला समोर उभं केलं.

"काहून पळतेस वो? लोकं हासून राहिले."

"मले फौजेत जायाचं आहे, आत्याबाई."

शकुनबाई मटकन माझ्यावरच बसली. "एक गिळला त्या फौजेनं. आता तुले पाठवू? अन् या पोरीले कोण पाहीन?"

"वर्षातून दोन दिवस मले खुर्ची भेटते. बाकीचे दिवस कोपरा," रिता म्हणाली. "मी उद्या डिंपलले काय दाखवू? कोपरा?"

सासरे श्यामराव मधे पडले नाहीत. पण पुढे भोपाळच्या निवडीसाठी तिला स्टेशनवर सोडायला तेच गेले. पहिल्या वेळी ती नापास होऊन परतली, आणि शकुनबाईनं त्या दिवशी गोड केलं. दुसऱ्या वेळी ती पास झाली. त्या दिवशी ती भांडी घासत बसली आणि घासलेलीच पुन्हा घासत राहिली. जवळजवळ वर्षभराचं प्रशिक्षण, तेही चेन्नईला. हवं ते मिळालं होतं आणि तिला भीती वाटत होती.

रितानं मला मागून घेतलं. शकुनबाईनं नाइलाजानं मला रिकामी करून पडवीत आणून ठेवलं. मग डिंपलचं काय, यावर मोठी माणसं हळू आवाजात बोलली.

"पोरगी शाळेत गेली का निघून जाय," श्यामराव म्हणाले. "पाहीन तं रडन. मागून समजावू."

रितानं होकारार्थी मान हलवली. दाराआड डिंपल उभी होती. ती मला दिसत होती, त्यांना नाही.

निघायच्या दिवशी डिंपल दप्तर घेऊन शाळेला गेली आणि परसातून गुपचूप परत आली. कुणाचं लक्ष नाही असं पाहून तिनं माझं झाकण उचललं, आत शिरली, गुडघे पोटाशी घेतले. "पेटी जाईन तं मीबी जाईन," असं ती पुटपुटली. झाकण पडलं. माझी कडी बसली.

तेवढ्यात ऑटो दारात आला. रिता माझी कडी काढायला वाकली, तोच शकुनबाई पुढे झाली. "राहू दे. माह्या लेकाची पेटी या घरातून पुन्हा नाही जायाची."

रितानं वाद घातला नाही. सामान दोन पिशव्यांत कोंबून बाहेर ठेवलंच होतं तिनं, माझ्यात भरायला. त्याच पिशव्या उचलल्या, सासूच्या पाया पडली आणि गेली.

आत डिंपल गप्प होती. ऑटोचा आवाज लांब गेला, तरी तिला वाटत होतं आपण निघालोय. ऑक्टोबरचं ऊन पडवीत आलं. माझा पत्रा तापला. तिचा श्वास आधी भरभर चालला, मग जड झाला. तिनं झाकणाला हात लावला, ढकललं, "मम्मी" म्हणाली. आवाज माझ्यातच फिरत राहिला. सगळं आयुष्य मी मजबूत असल्याचा गर्व केला. त्या दिवशी मला वाटलं, मी पुठ्ठ्याची का नाही झाले!

शकुनबाई रडायला माझ्यावरच येऊन बसली. तिच्या बुडाखाली काहीतरी हललं. उंदीर असेल म्हणून ती उठली, मग आतून बारीक कण्हणं ऐकून तिनं कडी ओढली. पोरगी घामानं निथळत होती, डोळे अर्धे मिटलेले. शकुनबाईची किंकाळी गल्लीभर गेली.

डॉक्टरांनी घरीच येऊन सलाईन लावलं. तुमसर रोड स्टेशनवर पोचलेली रिता फोन येताच उलटी फिरली. गाडी गेली. संध्याकाळी शुद्धीवर आलेल्या लेकीला मांडीवर घेऊन ती म्हणाली, "नाही जात मी. संपलं."

शकुनबाईनं पदरानं नातीचं कपाळ पुसलं. मग म्हणाली, "राहशील तं हिच्यावर रोज राग काढशील. तोंडानं नाही काढणार, मनात काढशील. अन् मोठी झाल्यावर हे पोरगी म्हणन, माह्यापायी मायनं घर धरलं. तुलारामले सांगू, दोन दिवस उशिरानं येते म्हणून फौजेत कळवन. जा. पण हिले सांगून जा."

रितानं डिंपलला सारं सांगितलं. डिंपलनं तिला चावा घेतला, लाथा मारल्या, स्टेशनपर्यंत रडत गेली आणि गाडी सुटताना आजीच्या लुगड्यात तोंड खुपसून बसली. हात हलवला नाही.

रिता गेली त्याच दुपारी श्यामरावांनी छिन्नी-हातोडी घेऊन माझं झाकण उखडलं. मला दुखलं, पण मी कुरकुरले नाही. आता मी गोठ्याशेजारी असते. माझ्यात गायीसाठी कोंडा भरतात. रिता रविवारी फोन करते. डिंपल कधी शाळेतलं सगळं सांगते, कधी फोन पाहताच पळून जाते. मग शकुनबाई फोन हातात धरून म्हणते, "आज नाही बोलत ते. रागात आहे. तू जेवलीस का?"

तुमच्याही घरातून कुणी दूर जात असेल, तर माझं एक ऐका. लेकरं शाळेत असताना निघू नका. त्यांना समोर बसवा, सांगा, रडू द्या, चावू द्या. गाडी चुकली तर दुसरी येते.