पाच थरांतून जाणारं मशीन

"काका, आपण मशीन घ्यायला आलात की माझी परीक्षा घ्यायला?"

मंडईमागच्या त्या चिंचोळ्या दुकानाच्या मालकाने हे इतक्या शांतपणे विचारलं, की दत्तप्रसादांना आधी तो कौतुकच करतोय असं वाटलं. शेजारी बसलेल्या प्रेमलाताई गालात हसल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी वही मिटली, पण बोट पानातच राहू दिलं.

"तसं नाही हो. एवढंच विचारायचं होतं, की कापडाचे पाच थर असले तर सुई अडकेल का?"

"हेच आपण मागच्या गणपतीच्या आधी विचारलं होतं. आणि त्याच्या आधीच्या संक्रांतीला. सुई तीच आहे, उत्तरही तेच आहे. अडकणार नाही."

दत्तप्रसादांनी मान डोलावली. तरी त्यांचा जीव थाऱ्यावर येईना.

दोन वर्षांपूर्वी प्रेमलाताईंची आई, यमुनाबाई, सासवडला वारली. तिची नऊ सुती लुगडी बोचक्यात बांधून प्रेमलाताई कर्वेनगरला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, एखादं साधं शिलाई मशीन घेऊ या का? आईची गोधडी करीन म्हणते."

चाळीस वर्षांच्या संसारात या बाईने स्वतःसाठी म्हणून काही मागितल्याचं दत्तप्रसादांना आठवत नव्हतं. म्हणूनच ते घाबरले. पूर्वी एकदा त्यांनी चौकशी न करता मिक्सर आणला होता. पहिल्याच चटणीला त्याने धूर काढला. आता चूक होता कामा नये. आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेलं, त्यामुळे एका प्रश्नासाठी दहा पुस्तकं उघडायची सवय. त्यांनी वही केली. उषाला एक पान, सिंगरला एक, जपानी बनावटीच्या पांढऱ्या विजेवरच्या मशीनला दोन. घरातली जुनी गोधडी गुंडाळून तिचा घेर टेपने मोजला, मशीनच्या सुईशेजारी ती मावेल का हे पाहायला. एकात जागा होती तर जोर कमी वाटे. दुसऱ्यात जोर होता तर जागा अपुरी. मनाशी एक ठरवून घरी यावं, तर जिन्यात कोणीतरी म्हणे, "अरेरे, ते कशाला? दुसरं बघा ना." की पुन्हा वही.

गेल्या दिवाळीत चकल्या पाडताना प्रेमलाताईंना सोऱ्या फिरवता येईना. उजव्या अंगठ्याचा सांधा झिजलाय, डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून मनगटाला पट्टा होता.

"काकू, आपणच बसून बघा," मालक म्हणाला. "काकांचं वाचन चालू द्या."

प्रेमलाताई पुढच्याच काळ्या पायमशीनवर बसल्या. पिशवीतून त्यांनी दोन कापडाचे तुकडे काढले, एकावर एक ठेवले आणि पाय चालवला. डाव्या हातानेच कापड सरकवत त्यांनी वीतभर टीप मारली. रेघ ओढावी तशी सरळ.

"झालं. हेच द्या."

"अगं, पण हे दोनच तुकडे होते," दत्तप्रसाद म्हणाले. "पाच थर घालून बघ की."

"पाच थर कशाला?"

"गोधडीला नकोत?"

प्रेमलाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "गोधडी का मशीनवर घालायची असते? मशीनवर नुसते वरचे तुकडे जोडायचे. बारीक टीप आता डोळ्यांना दिसत नाही, म्हणून म्हणाले होते मी. थर हातानेच शिवायचे असतात. धावदोऱ्याने."

दत्तप्रसादांचं बोट वहीतून निसटलं.

"म्हणजे… यातलं कुठलंही चाललं असतं?"

"कुठलंही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? मला वाटलं, तुमच्या मनातच नाहीये. मग मीही विषय काढला नाही."

दुकानाचा मालक तोंडाचा फटकळ होता, पण या वेळी त्याने फडकं उचललं. वळून काउंटर पुसत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "टेम्पोने घरपोच देतो. वर चढवूनसुद्धा."

रिक्षा डेक्कनपर्यंत आली. मग दत्तप्रसादांनी विचारलं, "हाताने… आता जमेल?"

प्रेमलाताईंनी पट्ट्यातली बोटं उघडली, मिटली. "बघू," म्हणाल्या.

अकरा दिवसांत लुगड्यांच्या तुकड्यांचा, गोधडीचा वरचा पदर जोडून झाला. हिरवं, गूळरंगी, जांभळं, आणि यमुनाबाईंनी धुऊन धुऊन विरवलेलं एक, ज्याचा रंग आता सांगता येत नव्हता. मग त्यांनी खाली थर अंथरले आणि सुई घेतली. चार टाके झाले. पाचव्याला सुई थरांत तशीच उभी राहिली. अंगठा तिला पुढे रेटू शकेना.

शेजारची पूर्णिमा म्हणाली, "काकू, माझ्या ओळखीत एकजण मोठ्या मशीनवर क्विल्टिंग करून देतात. एका दिवसात होईल, मस्त फिनिशिंग!"

"नको गं. मशीनच्या टिपेने ती कडक होते. अंगावर बसत नाही."

त्या संध्याकाळी दत्तप्रसाद चष्मा पुसत म्हणाले, "मी घालू दोरा?"

प्रेमलाताईंनी सुई त्यांच्या हातात दिली. जमिनीवर मांडी घालून, श्वास रोखून, त्यांनी हातभर धावदोरा घातला. टाका कुठे तांदळाएवढा, कुठे शेंगेएवढा. वरचं कापड एका बाजूला ओढून चुणीदार झालं होतं. प्रेमलाताईंनी त्यावरून बोट फिरवलं.

"राहू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "आईचं आहे ते."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डाव्या हाताने तो दोरा टाक्याटाक्याने उसवला, खालचे थर वेगळे केले, घड्या घालून बोचक्यात परत बांधले. वरचा जोडलेला पदर तेवढा बाहेर ठेवला.

"पांघरायला होईल."

पौष लागला होता. दुपारी जेवण आटोपून प्रेमलाताई खिडकीजवळच्या पलंगावर तोच पदर अंगावर घेऊन झोपल्या. खिडकी उघडी होती. एकेरी कापड ते, त्याला वजन कुठलं? वारा आला की काठ वर उचलला जाई, त्यांचे पाय उघडे पडत. झोपेतच त्या डाव्या हाताने तो खाली ओढत, आणि पुन्हा वारा येई.

खुर्चीत पुस्तक घेऊन बसलेले दत्तप्रसाद बराच वेळ पाहत होते. खिडकी लावली तर बिजागरी करकरेल आणि ती जागी होईल. ते आवाज न करता उठले, पलंगापाशी गेले आणि उडणाऱ्या काठावर, अगदी कडेला, अंग चोरून बसले.

चार वाजेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.