शकुआत्याचे आठ ग्लास

दिशाने सकाळी साडेआठला फोन करून सांगितलं, की तिच्या हनुवटीवर सुपारीएवढी पुळी आली आहे आणि असा चेहरा ती कुणाच्या बापाला दाखवणार नाही. झालं. संघमित्राची मॉडेल गेली. अकरा वाजता अंधेरीच्या स्किन क्लिनिकमध्ये तिची प्रॅक्टिकल परीक्षा होती आणि येताना सोबत एक चेहरा आणायचा होता. मैत्रिणींना आजारी पडायला नेमका दिवस बरोबर सापडतो.

कांदिवलीच्या पार्लरमध्ये पाच वर्षं लोकांच्या भुवया कोरून संघमित्राच्या बोटांना दोऱ्याचे घट्टे पडले होते. क्लिनिकची नोकरी म्हणजे पांढरा कोट, आठवड्याची हक्काची सुट्टी आणि भुवयांपासून सुटका. ऑक्टोबरमध्ये ती एकदा नापास झाली होती. परीक्षक नीलम मॅडमनी तिच्या कागदावर लाल पेनाने लिहिलं होतं, 'सुरकुतलेलं दिसलं की लगेच कोरडं म्हणू नये. नीट बघावं.' या वेळी गेलं तर पुन्हा बसू देणार नव्हते.

जवळ उरला एकच चेहरा. शकुआत्याचा.

शकुआत्या म्हणजे संघमित्राच्या वडिलांची धाकटी बहीण. वय सत्तेचाळीस, मालाडला रिक्षा चालवायची. बाई रिक्षा चालवते म्हणून सुरुवातीला दात काढणारे आता तिला वचकून असत. सकाळी सहाला खाकी कोट चढवण्याआधी ती तळहातभर खोबरेल तेल तोंडाला चोपडायची, कारण 'आपल्या घराण्याची कातडीच कोरडी'. बुलढाणा सोडून मंडळी मालाडच्या कुरारला आली तेव्हा भांड्याकुंड्यांसोबत हे वाक्यही आलं असावं. घरात त्यावर कुणी कधी शंका घेतली नव्हती.

त्या दिवशी भाचीला अंधेरीला सोडायचं म्हणून दोन भाडी मारून आत्या घरी परतली होती.

"मी आणि मॉडेल?" ती हँडल पुसता पुसता म्हणाली. "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"दोन तास नुसतं पडून राहायचंय गं."

"भरदिवसा?"

"भरदिवसा. एसीत."

"बस मागे," आत्या म्हणाली.

क्लिनिकमध्ये आधी फॉर्म भरायचा होता. संघमित्रा विचारत गेली, आत्या सांगत गेली. तोंडाला साबण कुठला? अंगाचाच. दिवसातून किती वेळा? चारपाच वेळा, धूळ काय कमी उडते. पाणी किती पिता? इथे आत्याने शेजारच्या बेडवर दुसऱ्या मुलीची मॉडेल म्हणून आलेल्या बाईकडे एकदा पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, "आठ ग्लास."

संघमित्राने आठ लिहिलं.

मग तिने आत्याच्या चेहऱ्यावरचं खोबरेल उतरवलं. तीन कापूस काळे झाले. नियमाप्रमाणे अर्धा तास काहीही न लावता थांबायचं होतं. कातडीला तिच्या मूळ स्वभावावर येऊ द्यायचं असतं. तेवढ्यात आत्या घोरायला लागली. संघमित्रा निश्चिंत होती. गाल खरखरीत, डोळ्यांखाली बारीक रेघा, कपाळ ताणलेलं. कोरडी त्वचा, आणखी काय? आजीची तशीच होती, बाबांचीही तशीच. 'नीट बघावं' हे लाल अक्षर आठवलं म्हणून तिने कपाळावर आणि नाकावर टिश्यू दाबला, एवढंच.

टिश्यूवर तेलाचे दोन पारदर्शक डाग उमटले, वडापावच्या कागदावर उमटतात तसे.

संघमित्रा खुर्चीत सरळ झाली. कोरडी त्वचा जन्मापासून तशी असते, तिच्यात मुळात तेलच कमी तयार होतं. ती नाकावर अर्ध्या तासात असे डाग पाडत नाही. दुसरी असते डिहायड्रेटेड, म्हणजे तहानलेली. तिच्यात तेल असतं, पाणी उडून गेलेलं असतं, आणि ती वेळ कुणावरही येऊ शकते, तेलकट चेहऱ्यावरसुद्धा. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी, इलाज मात्र वेगवेगळे. तिने भिंगाचा दिवा ओढला आणि गालावर बोट हलकेच दाबून वर सरकवलं. कातडीवर बारीक चुण्यांचं जाळं पसरलं. वर तेल, आत तहान. घराण्याचा यात काही संबंधच नव्हता.

तिने आत्याला हलवलं आणि हळू आवाजात विचारलं, "आत्या, खरं सांग. रिक्षावर असताना पाणी किती पितेस?"

"सांगितलं ना, आठ."

"खरं."

आत्याने शेजारच्या बेडकडे चोरून पाहिलं. "सकाळी चहा. मग तीनला घरी आल्यावर तांब्याभर."

"मधले नऊ तास काहीच नाही?"

"प्यायलं की जावं लागतं. जाऊ कुठे? पुरुषांचं बरं आहे, भिंत दिसली की झालं. आपल्याला कुठे कुलूप, कुठे आत पाय ठेववत नाही. बारा वर्षं झाली, सवय झालीय." मग तिने भाचीचं मनगट धरलं. "हे कुणाला सांगू नकोस हां. स्टँडवर कळलं तर वाट लागेल माझी."

याच बारा वर्षांत संघमित्राची दहावी झाली, बारावी झाली, कोर्स झाला. सगळं याच रिक्षावर. शेकडो बायकांना तिने 'पाणी पीत जा, मॅडम' असं सांगितलं होतं, आणि घरातल्या या बाईला एकदाही विचारलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, चांगली कान गरम होण्याइतकी.

तेवढ्यात नीलम मॅडम आल्या. "हं. काय आहे?"

"मूळची तेलकट त्वचा, मॅडम. आता डिहायड्रेटेड झालीय. पिठात पाणी कमी पडलं की भाकरीच्या कडा चिरतात, वरून कितीही तूप लावलं तरी बुजत नाहीत. तसं यांचं खोबरेल आहे."

मॅडमच्या चेहऱ्यावर हसू आल्यासारखं झालं आणि गेलं. "कारण?"

"ऊन, वारा. दिवसातून पाच वेळा साबण."

"आणि?"

संघमित्राने आत्याकडे पाहिलं. आत्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"आणि काही नाही."

"एवढ्यावर इतक्या चुण्या पडत नाहीत. फॉर्मवर तर आठ ग्लास पाणी आहे. एक तर फॉर्म चुकलाय, नाही तर तू चुकतेयस. कोण?"

"मी... मला दुसरं काही सापडलं नाही, मॅडम."

मॅडमनी लाल पेनाचं टोपण काढलं. आता पुन्हा कांदिवली, पुन्हा भुवया.

"फॉर्म चुकलाय," बेडवरून आवाज आला. रिक्षात पुढच्याला बाजूला हो सांगतात तसला खणखणीत आवाज, अख्ख्या हॉलने वळून पाहिलं. "आठ मी लिहायला लावले. मी रिक्षा चालवते, मॅडम. मुतायला जागा नाही म्हणून दुपारपर्यंत पाणी पीत नाही. पोरीने सगळं बरोबर ओळखलंय. मीच सांगू नको म्हणाले म्हणून ती गप्प आहे."

शेजारच्या बेडवरची बाई हळूच म्हणाली, "मी बँकेच्या वसुलीला फिरते. माझंही तेच आहे."

नीलम मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ताई, नुसतं पाणी प्यायल्याने गाल लगेच भरणार नाहीत. आधी तो साबण बंद करा. पण पाणी प्या. मूत्रपिंडाशी खेळू नका." मग संघमित्राकडे वळून म्हणाल्या, "ओल्या चेहऱ्यावर सीरम, वर हलकं क्रीम. आणि पुढच्या वेळी क्लायंटची लाज राखायची असेल, तर मला बाजूला घेऊन सांगायचं. एक तारखेपासून ये."

संघमित्राने सीरम लावलं, क्रीम लावलं. मग तिने आत्याला पाणी आणून दिलं. पहिला ग्लास आत्या गटागटा प्यायली. दुसरा ओठांशी नेऊन थांबली.

"पी," संघमित्रा म्हणाली. "उजवीकडे, दुसरं दार."

आत्याने दुसराही संपवला आणि कोट सावरत गेली. बराच वेळ आली नाही. संघमित्राने ब्रश धुतले, चादर बदलली, आता जाऊन बघावं म्हणून वळली, तर आत्या समोरून सावकाश चालत येत होती.

"एक तारखेपासून म्हणाल्या ना त्या?"

"हो."

"मग मी पण रोज अंधेरीचंच भाडं घेत जाईन," शकुआत्या म्हणाली. "आतून कडी लागते गं इथे."