लतिकाबाईंचा ग्वाटेमाला

"हा मेक्सिको. त्याच्या खाली ग्वाटेमाला." लतिकाबाईंनी काठीने शेताच्या मातीत रेघ ओढली. "उत्तरेला पेतेनचं जंगल, मधे ज्वालामुखींचे डोंगर, खाली प्रशांत महासागराचा किनारा. बरोबर?"

बाईंचा भाचा विराज इंग्रजीत सांगायच्या आधीच एलेना टाळ्या वाजवायला लागली. ती ग्वाटेमालाची. विराजच्या कंपनीत मशीन बसवायला आली होती, आणि रोह्यात आलेल्या पाहुण्याला पोपटी न खाऊ घालता परत पाठवणं आमच्यात बसत नाही. म्हणून अष्टमी गावापलीकडे माझ्या शेतात हा बेत. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी भरून पोपटीचं मडकं उपडं ठेवलं होतं आणि माझी वर्गमैत्रीण सरू भोवतीचा जाळ सारखा करत होती.

बाईंनी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आम्हालाही. स्वतः पनवेलच्या पुढे फारशा गेल्या नाहीत, पण जग त्यांना परसदारासारखं पाठ. आमची चाळिशी उलटली, तरी त्यांच्यासमोर पाय पसरून बसायची कोणाची हिंमत नाही. "आज माझी परीक्षा आहे रे," असं त्या सकाळपासून चारदा म्हणाल्या होत्या.

"आणि इथे तिकाल." बाईंनी जंगलात टिंब दिलं. "माया लोकांची उंच देवळं. बिचारे लोक मात्र नामशेष झाले."

विराजने सांगितलं. एलेना हसली आणि छातीवर हात ठेवून काहीतरी म्हणाली. विराज घुटमळला.

"सांग की," बाई म्हणाल्या.

"मावशी, ती म्हणते, मी मायाच आहे. घरी आईशी आमच्याच भाषेत बोलते. लाखो लोक आहेत म्हणे. देवळं ओस पडली, माणसं नाही."

बाईंची काठी जागच्या जागी राहिली. मला फार वाईट वाटलं.

"एकतीस वर्षं," त्या पुटपुटल्या. "दरवर्षी साठ पोरं. सगळ्यांना मी जिवंत माणसं मेली म्हणून सांगितलं."

"जाऊ द्या वो बाई," सरू म्हणाली. "आमच्या कुनाच्या ध्यानात हाय?"

"ते तर त्याहून वाईट!"

"बाई, मी पेपरात बरोबर लिवलं व्हतं," मी म्हणालो. "माया लोकांचं काय झालं? मी लिवलं, असतील कुठंतरी. तुमी शून्य दिलंत."

कोणी हसायला धजेना. मग बाईच हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"नितेश, अभ्यास केला नव्हतास म्हणून वाचलास!"

मग त्या उठल्या. आम्ही त्यांच्यासाठी आणलेल्या एकुलत्या एक खुर्चीवर त्यांनी एलेनाला बसवलं आणि गुडघे धरत आमच्यात पेंढ्यावर मांडी घातली.

"विराज, तिला म्हणावं, वर्ग भरलाय. पहिल्यापासून शिकव."

एलेना गावाबद्दल सांगू लागली. डोंगर, मक्याची शेतं, आजीचा हातमाग. दोन वाक्यं झाली नसतील, तोच एक हात वर झाला. बाईंना शंका होती.