घड्याळाचा शॉट

त्या सकाळी पडद्यावर माझ्या धाकट्या बहिणीला तिचा नवरा केस धरून फरफटवत होता आणि मी वहीत लिहीत होते: प्रकाश लाल, शॉट आखूड, प्रकाराला साजेसं.

कामच तसं आहे. संगीत वाहिनीवर येणारा प्रत्येक व्हिडिओ आधी आमच्या खोलीत येतो. चित्र गाण्याला आणि गाण्याच्या जातकुळीला धरून आहे का, काय कापायचं, कोणत्या वयाला दाखवायचं, यावर मी पानभर टिपण लिहिते. पहिल्या फेरीला आवाज बंद ठेवून फक्त बघायचं, दुसऱ्या फेरीला डोळे मिटून ऐकायचं आणि तिसऱ्या फेरीला दोन्ही जोडायचं. पहिली फेरी मी सकाळीच उरकते, कारण दहापर्यंत माझं मौन असतं. अकरा वर्षं झाली. तोवर जे सांगायचं ते चिठ्ठीवर.

जावयांचं, म्हणजे धाकट्या चिमणीच्या नवऱ्याचं, गाणं मेटल. त्यांचे चाहते त्यांना वादळ म्हणतात. नायक स्वतःचंच घर फोडतो, एवढीच गोष्ट. आरसा फुटतो, खुर्ची भिंतीवर आपटते, कपाटाचं दार बिजागरीसकट निखळतं, मग बायकोच्या कानशिलात बसते, ती टेबलावर कोसळते, तो तिला केसांनी ओढत उंबऱ्यापर्यंत नेतो. पाहताना माझे दात शिवशिवले. पण अंगाईत पाळणा असावा तशी या गाण्यांत मोडतोड असतेच, याहून रक्ताळलेले व्हिडिओ मी पास केलेत. शिवाय चिमणीनंच फोनवर हसत सांगितलं होतं, "ताई, आरसा साखरेचा, खुर्ची थर्माकोलची आणि माझा ओठ फुटलाय तो मेकअपवाल्या पोरीनं फोडलाय." तुझी वाहिनी म्हणजे माहेरचीच, म्हणून बायकोच्या भूमिकेत मीच उभी राहिले गं, असंही म्हणाली होती.

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला मास्तर आले. पूर्वी बँडमध्ये ड्रम वाजवायचे, आता मात्रा मोजतात. एक कान कामातून गेलाय, पण उरलेला चोख.

"बाई, कापलंय मात्र झकास," ते म्हणाले. "'तडा' म्हणतो तिथे आरसा. 'मोडलं' म्हणतो तिथे खुर्ची. ठोका आणि ठोसा बरोबर एकावर एक. फक्त इथे बघा."

त्यांनी मागे घेतलं. शेवटच्या कडव्याआधी सगळी वाद्यं थांबतात. आठ मात्रा रिकाम्या. जावई मनगटावरचं घड्याळ काढतात, पट्टा सरळ करतात आणि फळीवर ठेवतात, काच वर करून. अगदी सावकाश. मागे चिमणी धुरकट दिसते. घड्याळ फळीला टेकतं आणि तिचं डावं कोपर कानावर येतं.

"घाई केली पोरीनं," मास्तर म्हणाले. "मार अजून आठ मात्रा लांब आहे. त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही, हिनं आधीच कोपर वर. नवखी ना. आणि घड्याळ कुठून आलं? गाण्यात घड्याळाचा शब्द नाही."

मी तो तुकडा आवाज बंद करून पुन्हा पाहिला. मग पुन्हा.

गेल्या वर्षी माझ्या घरी कपाट हलवायचं होतं. जावई म्हणाले, मी धरतो, आणि त्यांनी घड्याळ काढून खिडकीत ठेवलं. स्वयंपाकघराच्या दारात चिमणीच्या हातातला पेला खळ्ळकन् पडला. तिचं कोपर कानावर होतं. सगळे हसले. मीही हसले. नंतर ओट्यापाशी ती काहीतरी सांगू लागली, तर मी तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हटलं, भांड्याला भांडं लागतंच गं, देवाचं नाव घे. त्यानंतर महिन्याभरात तिचा डावा कान अधू झाला. थंडीनं, म्हणाली.



साडेनऊला दोघं आले. टिपण बारापर्यंत गेलं तर संध्याकाळी गाणं वाहिनीवर लागणार होतं. जावई नवी कोरी चामडी जाकिटं घालतात, चिमणीच्या गळ्याभोवती रुमाल होता.

"मुद्दाम लवकर आलो, मास्तर," जावई खुर्ची ओढत म्हणाले. "दहाच्या आत आलं की ताईंचं प्रवचन टळतं. काय ताई? सही करायला तर तोंड लागत नाही."

मास्तर हसले. मी चिठ्ठी लिहिली: घड्याळाचा शॉट कशासाठी?

"तो होय. सुचला ऐन वेळी. वादळाआधीची शांतता म्हणा."

"पण शब्दात नाही ना ते," मास्तर म्हणाले. बिचारे अजून मात्रांतच होते. "बाकी प्रत्येक चित्राला खाली शब्द आहे. हे एकच अधांतरी. आणि ती पोरगी आधीच—"

"आधीच काय?"

मी दुसरी चिठ्ठी चिमणीकडे सरकवली. आज माझ्याकडे राहा. तिनं वाचली, चुरगाळली, मुठीत दाबली. जावयांनी तिची मूठ उघडली, एकेक बोट मागे वाकवून. शेवटच्या बोटाला ती कण्हली.

"असं आहे होय," ते म्हणाले. "बहिणी-बहिणींची टपाल सेवा. मास्तर, दोन चहा सांगून या ना खाली."

"चहावाला आज रजेवर आहे," मास्तर म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

"ताई, जाऊ दे," चिमणी पुटपुटली. "सही कर. आम्ही निघतो."

जावयांनी घड्याळ काढलं. पट्टा सरळ केला. माझ्या वहीवर ठेवलं, काच वर करून.

चिमणीचं कोपर कानावर गेलं. पडद्यावरही तोच तुकडा थांबलेला होता, तेच कोपर.

दहाला अजून वीस मिनिटं होती. मी म्हणाले, "घड्याळ घाला, जावई."

माझाच आवाज मला परका वाटला. ते क्षणभर चपापले, मग ओठाच्या कोपऱ्यातून हसले आणि चिमणीवर हात टाकला. मी मध्ये गेले. ठोसा माझ्या तोंडावर बसला. डोळ्यांसमोर पांढरं झालं, जिभेवर दाताचा तुकडा आला. मी पडले ती यंत्रांच्या मांडणीवर, वरचा स्पीकर खांद्यावर कोसळला. मास्तरांनी स्टूल फेकलं, ते जावयांच्या पाठीला लागून निसटलं. जावयांनी वळून मास्तरांच्या पोटात लाथ घातली, म्हातारा दुमडून दाराशी बसला. मग त्यांनी चिमणीचे केस धरले. रुमाल सुटला. गळ्यावर चार निळी बोटं होती. मेकअप नव्हता तो.

त्यांनी तिचं डोकं मांडणीच्या कडेवर आपटलं. एकदा. पुन्हा मागे ओढलं तेव्हा मी त्यांच्या पोटरीला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि चावले. मुंगी चिरडली तरी हळहळणारी मी. दात रुतेपर्यंत चावले, तुटका दातसुद्धा. ते खाली वाकले.

चिमणीचं कोपर अजून कानावरच होतं. तिनं ते तसंच, अंगाचा सगळा भार टाकून त्यांच्या तोंडावर आणलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिनं दुसऱ्यांदा आणलं. तिसऱ्यांदा ते गुडघ्यावर आले, जाकिटावर रक्ताची धार लागली, आणि ती थांबेना. "पुरे," मी म्हणाले, "चिमणे, पुरे. मरेल." तेव्हा थांबली.

खालचे दोन पहारेकरी वर आले, एकानं पोलिसांना फोन लावला. जावई नाक दाबून बसले होते. बोटांतून गळत होतं. "घरी चल," ते म्हणाले, अगदी मऊ. "चिमणे, घरी चल. झालं गेलं."

ती भिंतीला टेकून उभी होती, कपाळावरून रक्त भुवईत उतरत होतं. "नाही," ती म्हणाली. एवढंच. ते तिच्या चांगल्या, उजव्या कानाच्या बाजूला सरकले आणि पुन्हा तेच म्हणाले. तिनं तोंड फिरवलं.

पोलीस येईपर्यंत मास्तर पोट धरून तिच्या आणि त्यांच्या मध्ये बसून राहिले. चिमणी माझ्या खुर्चीत बसली. मी ओठाला फडका लावून टिपण पुरं करायला घेतलं, कारण पोलिसांनी फोनवर विचारलं होतं, लेखी काही आहे का. रकाने नेहमीचेच. आरसा: गाण्याशी संबंध आहे. खुर्ची: आहे. घड्याळ: या चित्राचा गाण्याशी संबंध नाही. हे घरचं आहे. माझ्या घरीही पाहिलं होतं, मी ओळखलं नाही.

चिमणीनं खांद्यावरून वाचलं.

"तारीख नाही घातलीस," ती म्हणाली.

मी आजची घालू लागले.

"ती नाही. पहिली." तिनं माझ्या हातातला पेन घेतला, मुरगाळलेल्या बोटांत नीट धरला, आणि स्वतःच लिहायला लागली. लग्नानंतरचा सोळावा दिवस होता तो. खाली दुसरी तारीख. मग तिसरी. पान संपलं तेव्हा मी नवं फाडून दिलं.