मंगलचं जपानी पुस्तक

शनिवारी सकाळी साडेसातला मंगलनं नकार पाठवला. दुपारी दोनच्या सुमाराला तिला कळलं, की तो नकार आपण एका पुस्तकाच्या नादानं पाठवला आणि ते पुस्तक आपण पहिल्यापासून उलटं वाचत होतो. एवढ्यानं कुणाचे हातपाय गळतात का, असं कुणी विचारील. विचारणाऱ्याचं जातंय काय. मंगल एकोणचाळीस वर्षांची होती, नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि या वयात आलेलं स्थळ काही एसटीसारखं तासातासाला येत नाही.

आधी पुस्तकाचं सांगतो. खोडदला आकाशातल्या लहरी टिपणाऱ्या त्या मोठ्या अँटेना उभ्या राहिल्यापासून तिथल्या गेस्टहाऊसला देशोदेशीचे पाहुणे येतात, आणि मंगल त्या गेस्टहाऊसच्या स्वयंपाकघरात कामाला होती. दोन हजार तीन सालच्या उन्हाळ्यात एक जपानी बाई तीन आठवडे राहिली आणि जाताना चित्रांचं एक जाडजूड पुस्तक खोलीतच सोडून गेली. सुपरवायझर म्हणाला, रद्दीत टाका. मंगलनं टाकण्याआधी जरा चाळलं, आणि ते पुस्तक रद्दीत न जाता कोठीघरात तांदळाच्या पोत्यामागं गेलं.

चित्रांचं म्हणजे पोराबाळांचं, असं तिला आधी वाटलं होतं. पण त्यातली बाई पोरसवदा नव्हती. डोळ्यांखाली रेघा, केस घाईघाईत बांधलेले, एकटीनं जेवून ताट धुताना भलतीकडंच बघत राहायची सवय. पुरुषाची कानशिलं पांढरी झालेली. सबंध पानभर दोघं नुसती भांडी विसळताहेत, त्याची बाही ओली होतेय आणि ती वर सारायला हिचा हात पुढं येतोय, एवढंच. त्या पानाशी मंगल दहा-दहा मिनिटं थांबायची. जपानी अक्षर एक कळत नव्हतं, पण त्यात न कळण्यासारखं होतं काय. काही पानं अशी होती, की ती तिनं पहिल्यांदा भर्रकन उलटली. दुसऱ्यांदा जरा सावकाश उलटली. तिसऱ्यांदाचं आपण बोलायला नको. जेवणं उरकून भांडी पालथी घातली, की चारच्या चहापर्यंत कोठीघराचं दार ओढून ती बसायची, आणि ते दोन तास तिला कुणी मागितले असते तर तिनं दिले नसते.

घरी, म्हणजे धाकट्या भावाकडं, तिचा दुसरा विरंगुळा होता, विटांचा गेम. हातात मावणारं प्लॅस्टिकचं खेळणं. वरून विटा पडतात, त्या फिरवून फिरवून ओळी भरायच्या, ओळ भरली की पुसली जाते. ओझरच्या जत्रेत भाचीसाठी म्हणून घेतला होता. भाची चार दिवसांत कंटाळली आणि आत्याला लळा लागला. संध्याकाळी गोठ्यामागच्या दगडावर बसून मंगल विटा लावायची, आणि तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही येत नसे. कामावर तो न्यायची सोय नव्हती. असल्या यंत्राची खरखर अँटेनांना ऐकू जाते, असं पहारेकऱ्यानं बजावलं होतं. मंगल घरीसुद्धा आवाज बंद करून खेळायची, तरी लांबवरची एखादी अँटेना वळताना दिसली की गेम पदराखाली झाकायची.

पुढं गेमचं डावं बटण अडकायला लागलं, आणि ती नारायणगावला स्टँडसमोर सोपानच्या दुकानात गेली. दुकान कसलं, टपरीच. सोपान डिंगोरे गावचा. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. वय शेहेचाळीस, बायको आजारपणात गेलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन नांदायला गेलेली. चार दिवसांनी गेम परत मिळाला. घरी येऊन बघते, तर कोपऱ्यात सगळ्यात मोठ्या स्कोअरचा आकडा साडेअकरा हजार. मंगलची मजल कधी नऊ हजारांपुढं गेली नव्हती. म्हणजे हा बाबा दुरुस्तीच्या नावाखाली खेळत बसला होता. तिला राग आला. मग तिनं आठवडाभर खपून बारा हजार केले आणि बटण परत अडकतंय म्हणून गेम घेऊन गेली. बटण धडधाकट होतं, आणि सोपाननंही ते दाबून बघितलं नाही. गेम परत आला तेव्हा त्यावर तेरा हजार होते.

अशा पाच खेपा झाल्या. बोलणं बेतास बात. "आजून अडकतंय व्हय?" "व्हय, मधीच." पहिल्या दोन खेपांना तो तिला ताई म्हणत होता. तिसऱ्या खेपेला ते ताई गळालं. परतीच्या जीपमध्ये मंगलच्या हे लक्षात आलं आणि तिचा चेहरा असा तापला, की शेजारच्या बाईनं ऊन लागलं का म्हणून विचारलं.

पाचव्या खेपेनंतर गेणभाऊ घरी आले. गावातली सोयरीक गेणभाऊंशिवाय जुळत नाही, आणि विधवेच्या दुसऱ्या लग्नाला, म्हणजे आमच्याकडच्या म्होतराला, तर त्यांच्यावाचून पान हलत नाही. म्होतराला वाजंत्री नाही, मांडव नाही. मध्यस्थानं निरोप आणायचा, मध्यस्थानंच उत्तर न्यायचं, आणि बाईनं घरात बसून हो किंवा नाही म्हणायचं. सोपाननं विचारलं होतं. मंगलला पसंत असेल तर रविवारी दोन्हीकडची चार माणसं ओझरला देवळात बसून पक्कं करणार होती.

"आक्का, तुजं तू ठरीव," धाकटा भाऊ सुभाष म्हणाला. "मी बोललो आन वंगाळ झालं, तर जलमभर मलाच बोल लागंल. शनिवारी गेणभाऊ टमाटी घिऊन नारायणगावच्या मार्केटला जात्याल, तवर काय ते सांग."

आणि तिथून मंगलचा जीव टांगणीला लागला. सोपान वाईट नव्हता. वाईट तर तिचा पहिला नवराही नव्हता, घोडं तिथंच तर पेंड खात होतं. लग्नानंतर सहा महिने तो तिच्यासाठी शेतावरून रुमालात बोरं घेऊन यायचा. मग हळूहळू त्याचं बोलणं आटलं. भांडण नाही, मारहाण नाही, दारू नाही. नुसतं "वाढ" आणि "दार लाव". सहा वर्षं असं चाललं. आपलं काय चुकलं, हे तिनं रडून विचारलं, हसून विचारलं, रुसून विचारलं. त्यानं सांगितलं नाही, आणि एक दिवस ट्रॅक्टर उलटून तो गेला तो न सांगताच गेला. तसलं घर पुन्हा वाट्याला येण्यापेक्षा भावजयीचे टोमणे परवडले, कारण टोमण्यात निदान आवाज तरी असतो.

त्यात ते पुस्तक. पुस्तकातही डिट्टो तेच होतं. पहिल्या पानांवर दोघं एका पांघरुणात, हसताहेत. पुढं भांडी विसळायचं ते पान. मग एकदा तो दारात पाठमोरा उभा. मग टेबलाच्या दोन टोकांना बसून मुकाट जेवण. मग रस्त्यात भेटले तर नुसती मान लववून नमस्कार, परक्यासारखा. आणि शेवटच्या पानावर बसथांब्यावर ती एकटी, बाकाच्या दुसऱ्या टोकाला तो पेपर वाचत बसलेला, तिच्याकडं ढुंकूनही न बघता. पुस्तकाच्या मागच्या बाजूला मोठं रंगीत चित्र का छापलं असेल, असा प्रश्न तिला पडला होता. पण जपान्यांची काही रीत असेल म्हणून तिनं तो सोडून दिला. त्या आठवड्यात तिनं ते तीनदा वाचलं, कुठं काही वेगळं सापडतंय का म्हणून. तीनदा तेच. इतक्या लांबच्या, इतक्या शिकल्यासवरल्या बाईच्या कपाळीसुद्धा हेच, तर आपली काय कथा. शुक्रवारी संध्याकाळी गेम हातात घेतला तर विटा भलतीकडंच बसायला लागल्या आणि स्कोअर दोन हजारांवर गेला नाही.

शनिवारी गेणभाऊंचा पिकअप दारात थांबला. इंजिन चालूच होतं.

"काय सांगू त्याला?"

"नको म्हनावं."

"नीट इचार केला का, मंगल?"

"केला. नको म्हनावं."

पिकअप गेला आणि मंगल कामावर गेली.

दुपारी कोठीघरात ती पुस्तक घेऊन बसली होती. आता कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. नेमकं पांघरुणाचं पान उघडं असताना दार ढकलून प्राची आत आली. प्राची म्हणजे पुण्याहून शिकाऊ म्हणून आलेली पोरगी, मीठ मागायला आली होती. मंगलच्या तोंडचं पाणी पळालं. पुस्तक लपवायला पदर पुरेना. ही साहेबांना सांगणार, साहेब सुपरवायझरला, सुपरवायझर गावाला, आणि उद्यापासून आपण घरी.

"ताई, रद्दीतलं हाय. मी आपली चित्रं..."

"अहो मावशी, घाबरता काय एवढ्या? माझ्याकडं अशी चार होती हॉस्टेलवर, बहिणीनं अमेरिकेहून आणलेली. रात्र रात्र वाचायचो आम्ही." प्राचीनं पुस्तक हातात घेतलं आणि हसली. "पण तुम्ही शेवट आधी वाचता की काय?"

"शेवट कुठला? सुरवात हाय ती."

"नाही हो. जपानी पुस्तकं इकडून उघडतात, आपल्या उलट्या बाजूनं. पानावरची चित्रंसुद्धा उजवीकडून बघायची." तिनं पुस्तक पालथं केलं, मोठं रंगीत चित्र वर आलं, आणि तिनं आतलं पहिलं पान उघडलं. "हे बघा, इथं सुरू होतं."

त्या पानावर बसथांबा होता. बाकाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला पेपर वाचणारा तो, एकमेकांना अजून न ओळखणारी दोन माणसं.

मीठ घेऊन प्राची गेली. मंगलनं पानं त्या बाजूनं उलटली. नमस्कार, मुकं जेवण, दारातून माघारी वळलेला तो, भांडी, पांघरूण. मग तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि पुस्तक पोत्यामागं सारलं. गेणभाऊंचं मार्केट एव्हाना उरकलं असणार. पोटात दुखतंय म्हणून ती सुपरवायझरला सांगून निघाली, आणि ते काही खोटं नव्हतं.

नारायणगावचा जीपवाला गाडी भरल्याशिवाय हलेना. आणखी दोन पाहिजेत, आणखी एक पाहिजे. मंगल मागच्या बाकावर पदराचं टोक पिळत बसली. जीप एकदाची सुटली आणि वाटेत तिला नवीनच धास्ती वाटायला लागली. सरळ वाचलं तरी ते पुस्तक संपतं कुठं, तर पांघरुणात. म्हणजे तिच्या पहिल्या संसारातल्या बोरांच्या दिवसांत. पुढचं त्या चित्रं काढणाऱ्यानं काढलंच नव्हतं. मग उलटं वाचून नाही म्हटलं ते चूक, आणि सरळ वाचून हो म्हणायला पळत निघालो ते शहाणपण कसं? नारायणगावला उतरल्यावर खोडदची दुसरी जीप समोरच उभी होती. मंगलनं तिच्या दांडीला हात घातला, सोडला, परत घातला. शेवटी ड्रायव्हरच म्हणाला, "मावशे, येक कायतरी ठरीव." तेव्हा ती रस्ता ओलांडून पलीकडं गेली.

सोपान एका उघड्या टीव्हीपुढं बसला होता. तिला बघून त्यानं तारांना डाग द्यायचं यंत्र खाली ठेवलं.

"गेणभाऊ आलं व्हतं?" तिनं विचारलं.

"बाराला आलं व्हतं."

"मंग?"

"मंग काय. न्हाई म्हन्ली म्हनालं."

शेजारचा चहावाला किटली हातात धरून थांबला होता. स्वतःच्या लग्नाचं बोलायला बाई भर बाजारात आलेली त्यानं कधी बघितली नसावी. मंगलनंही बघितली नव्हती.

"मला भ्या वाटलं व्हतं," ती म्हणाली. "म्हनून न्हाई म्हनले."

सोपाननं उघडा टीव्ही थोडा बाजूला सारला. मग म्हणाला, "खरं सांगू का? गेणभाऊ बोललं तवा मला बरं वाटलं."

मंगलला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं.

"सुटलो म्हनलं," तो खाली बघूनच बोलत होता. "मलाबी लई भ्या वाटत व्हतं. बायकूला दोन वर्सं खाटंवर बगितली मी. परत कुनाला जीव लावायचा म्हंजी... सुटलो असं वाटलं. मंग डबा उघाडला आन घास उतरंना. तसाच झाकून ठिवलाय. तुमाला हे सांगायला नको व्हतं. पर आता आलाय तुमी, तर लपवून काय करू."

टीव्हीच्या कडेला स्टीलचा डबा होता. मंगलनं तो जरा उचलून बघितला, जड होता. सुटलो, हा शब्द तिला झोंबला होता, आणि झोंबत असतानाच तिला रडू यायला लागलं, पण ते दुःखाचं नव्हतं. सहा वर्षं संसार करून नवरा तिला जे सांगू शकला नाही, ते हा माणूस पाच वेळा भेटलेल्या बाईला भर बाजारात, चहावाल्याच्या देखत सांगत होता.

तिनं गिऱ्हाइकाचं स्टूल ओढलं आणि बसली.

"उद्या मी ओझरला येते," ती म्हणाली. "पर एक कबूल करा. जवा माज्याशी बोलू वाटनार न्हाई, तवा तेवढं तरी तोंडानं सांगा. आज बोलू वाटत न्हाई म्हनून सांगा. मी इचारनार न्हाई का म्हनून."

चहावाला किटली विसरून गेला होता.

"सांगीन," सोपान म्हणाला. "पर तुमीबी परत गेणभाऊकडं निरोप द्यायचा न्हाई. असंल ते हितं यिऊन बोलायचं."

"बरं," मंगल म्हणाली.

मग त्यानं डबा उघडला आणि भाकरी अर्धी करून तिच्यापुढं धरली.